रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये डॉली पार्टनचं काय काम?

प्रश्न थोडक्यात असा: क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये कंट्री गायिका डॉली पार्टन आहे, रॅपर जे-झी आहे, पॉपवाली मडोना आहे, स्वीडनचा पॉप बँड अ‍ॅबा आहे. आयर्न मेडनसारखा अस्सल रॉकवाला बँड मात्र पहिल्या रेकॉर्डनंतर पंचवीस वर्षं लोटण्याची अट केव्हाच पूर्ण करूनही पहिल्या नामांकनासाठी २०२१ पर्यंत ताटकळला. मग पाटीवर ‘रॉक’ लिहायचं कशाला? एका संगीतप्रकारासाठी उभारलेल्या संस्थेने दुसऱ्या प्रकारातल्या कलावंतांना मानाचं पान वाढावं का?

वाढावं, पण कारण दाखवून. ‘फार मोठी कलावंत आहे’, ‘कोट्यवधी रेकॉर्डी खपल्या’ ही कारणं मी धरत नाही. या माणसाकडून त्या प्रकारात नेमकं काय आलं, किंवा त्या प्रकारातून याने नेमकं काय उचललं, हे रेकॉर्ड लावून दाखवता आलं पाहिजे. आलं, तर तो तिथे पाहुणा राहत नाही, घरचाच होतो. नाही आलं, तर त्याच्या थोरवीला बाध येत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या संस्था आहेत. डॉली पार्टनच्या बाबतीत माझं मत बऱ्याच जणांना रुचणार नाही, पण त्याकडे नंतर येते.

आधी ‘दुसरा प्रकार’ म्हणजे काय ते बघू, कारण घोडं तिथेच अडतं. माझं काम जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या सूचीचं. प्रत्येक तबकडीची एक नोंद करायची: गायक, साथीदार, कंपनी, मॅट्रिक्स (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा) क्रमांक, साल. यातलं बरंचसं लेबलवर छापलेलं असतं, नाहीतर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेलं असतं. तबकडी उजेडात तिरकी धरली की दिसतं. एकच रकाना तबकडीकडे बघून भरता येत नाही, तो म्हणजे ‘प्रकार’. भीमसेन जोशींचा अभंग शास्त्रीयात घालायचा की भक्तिसंगीतात, यावर आमच्याकडे चहाच्या दोन-दोन फेऱ्या होतात आणि शेवटी कंपनीच्या कॅटलॉगात काय लिहिलंय ते बघून नोंद होते. म्हणजे निर्णय विकणाऱ्याचा, शिक्का आमचा.

अमेरिकेत हा विकणाऱ्याचा निर्णय फार दूरवर पोचला. १९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची रेकॉर्ड ओके कंपनीने काढली आणि ती धडाक्यात खपली. कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून रेकॉर्डी घेतात हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांच्यासाठी वेगळी क्रमांकमालिका, वेगळी जाहिरात. नाव पडलं ‘रेस रेकॉर्ड्स’. तीन वर्षांनी याच कंपनीने अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याला ध्वनिमुद्रित केलं, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या गिऱ्हाइकासाठी दुसरं कपाट उघडलं, ‘हिलबिली’. गावं तीच, नाचाचे ताल तेच, पुष्कळदा गाणीही तीच. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या याद्यांची नावं सभ्य केली: ‘रेस’चं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झालं आणि दुसऱ्या यादीचं ‘कंट्री अँड वेस्टर्न’. आज आपण ज्यांना प्रकार म्हणून ओळखतो त्यातले निम्मे असे दुकानाच्या फळीवर जन्मले आहेत. गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग बघून गाणी वेगळी ठेवली गेली. वादकांनी कधीच एवढं अंतर पाळलं नव्हतं.

याचा पुरावा म्हणून मी एकच रेकॉर्ड लावते. १६ जुलै १९३०, हॉलीवूडमधला व्हिक्टर कंपनीचा स्टुडिओ. गातोय जिमी रॉजर्स, मिसिसिपीचा रेल्वे कामगार, ज्याला पुढे कंट्री संगीताचा जनक म्हणू लागले. गाणं त्याच्या ‘ब्लू योडल’ मालिकेतलं नववं. आणि त्याच्या प्रत्येक ओळीमागे ट्रंपेटवर उत्तर देतोय लुई आर्मस्ट्राँग. पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन. लेबलवर आर्मस्ट्राँगचं नाव नाही. ऐकताना मजा अशी येते की रॉजर्स मात्रांचा फारसा हिशेब ठेवत नाही, मनाला येईल तिथे ओळ लांबवतो, आणि आर्मस्ट्राँग बिनबोभाट त्याच्या पाठोपाठ वळतो. आपल्याकडे कसलेला तबलजी लहरी गायकाला सांभाळून घेतो तसा. चाळीस वर्षांनी, १९७० मध्ये, कंट्री गायक जॉनी कॅशने आपल्या टीव्ही कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावून हेच गाणं पुन्हा केलं. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँग गेला.

आता ही रेकॉर्ड ‘प्रकार’ रकान्यात कुठे बसवायची ते सांगा. ब्लूजची बांधणी, कंट्रीचा गळा, जॅझचा ट्रंपेट. तिघेही, म्हणजे रॉजर्स, आर्मस्ट्राँग आणि कॅश, क्लीव्हलँडच्या यादीत आहेत: रॉजर्स १९८६, आर्मस्ट्राँग १९९०, कॅश १९९२. तिघांपैकी एकाच्याही नावावर मी आक्षेप घेणार नाही.

रॉक अँड रोल ज्याला म्हणतात तो याच गुंत्यातून निघाला. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीने एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी काढली. एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूजवाल्याचं गाणं, दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या ब्लूग्रासवाल्याचं. दोन कपाटांतला माल एकाच लाखेवर. वर्षभराने शिकागोत चक बेरीने चेस कंपनीला एक गाणं ऐकवलं, ते मुळात ‘आयडा रेड’ नावाच्या जुन्या फिडलच्या धूनेवर बेतलेलं. टेक्ससच्या बॉब विल्सने ती धून १९३८ मध्ये गाजवली होती. लेनर्ड चेसने नाव बदलायला लावलं, त्याचं ‘मेबलीन’ झालं. म्हणजे कृष्णवर्णीय गिटारवाल्याने गोऱ्यांच्या कपाटातून उचललेली चाल रॉकच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डींपैकी एक ठरली. २३ जानेवारी १९८६ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात हॉलच्या पहिल्या दहा कलावंतांचा सन्मान झाला. क्लीव्हलँडची इमारत अजून नऊ वर्षं दूर होती. त्या दहांत चक बेरी, एल्व्हिस, लिटल रिचर्ड होतेच. पण रे चार्ल्स, सॅम कुक, जेम्स ब्राउन आणि एव्हर्ली बंधूही होते. गॉस्पेल, सोल, कंट्री. कुणी ब्रही काढला नाही. ‘शुद्ध रॉक’ नावाची वस्तू या संस्थेत पहिल्या दिवशीही नव्हती, त्यामुळे ‘पूर्वी बरं होतं, आता बाटलं’ ही तक्रार टिकत नाही.

मग एकदा नॅशव्हिलकडे बघू, कारण तिथे उलटी सवय आहे. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम १९६१ चा, म्हणजे क्लीव्हलँडपेक्षा पंचवीस वर्षांनी थोरला. रॉजर्स, हँक विल्यम्स आणि गीतप्रकाशक फ्रेड रोज हे पहिले तीन. दरवर्षी निवड जेमतेम तिघांची. दार अरुंद ठेवल्याने मान वाढतो, हे खरंच. एल्व्हिस १९९८ मध्ये आत आला. जेरी ली लुईस, ज्याची कंट्रीतली गाणी १९६८ पासून गाजत होती, त्याला २०२२ उजाडलं आणि त्याच वर्षी तो वारला.

पण अरुंद दाराची दुसरी बाजू बघायची तर डीफोर्ड बेली या माउथ ऑर्गनवाल्याची गोष्ट बघा. १० डिसेंबर १९२७ ची रात्र, नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्र. आधीच्या तासाला न्यूयॉर्कहून भारदस्त पाश्चात्त्य अभिजात संगीत प्रसारित झालं होतं. ते संपलं आणि बेलीने माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवली: शिट्टी, रुळांचा खडखडाट, पुलावरून जाताना बदलणारा आवाज, सगळं एका वीतभर वाद्यातून. ते झाल्यावर निवेदक जॉर्ज हे म्हणाला की तासभर ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका. कंट्री संगीताची पंढरी ठरलेल्या त्या रेडिओ कार्यक्रमाचं नाव असं पडलं, आणि ते पडलं एका कृष्णवर्णीय वादकाच्या पाठोपाठ. १९४१ मध्ये बेलीला कार्यक्रमातून काढलं. पुढची कित्येक वर्षं तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत होता. १९८२ मध्ये तो वारला आणि हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ मध्ये. तो काही दुसऱ्या प्रकारातला नव्हता. तो घरातलाच होता. ‘आमच्या प्रकारातलेच घ्या’ असा नियम वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण आमचे कोण हे ठरवताना जुनी कपाटं पुन्हा उभी राहतात. म्हणून शुद्धतेच्या आग्रहाला मी सहजासहजी मान डोलवत नाही.

त्याच नॅशव्हिलने परक्याला घेण्याचा उत्तम नमुनाही घालून दिला, उशिरा का होईना. रे चार्ल्स, रॉकच्या पहिल्या दहांतला. फ्लोरिडात मोठा होताना हा शनिवारी रात्री ऑप्री ऐकायचा. उमेदवारीच्या काळात टँपामध्ये ‘फ्लोरिडा प्लेबॉईज’ या गोऱ्यांच्या कंट्री बँडमध्ये पियानो वाजवायचा. १९६२ मध्ये, सोलचा राजा म्हणून नाव झालेलं असताना, त्याने कंट्रीतल्या गाण्यांची अख्खी एलपी केली. आजूबाजूच्यांना वाटलं हा आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय. त्यातलं डॉन गिब्सनचं गाणं अमेरिकेच्या यादीत पाच आठवडे पहिलं राहिलं, आणि कंट्रीची गाणी तंतुवाद्यांच्या थाटात, मोठ्या वाद्यवृंदासह गाता येतात हे नॅशव्हिललाही नव्याने कळलं. हॉलमध्ये त्याची निवड झाली २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. निवडीचं कारण विचाराल तर एका वाक्यात सांगता येतं, एका रेकॉर्डवर बोट ठेवून. मला हवं असलेलं कारण ते हेच.

आता हिप-हॉप. यावरून झालेलं भांडण सगळ्यात गाजलं. किस बँडचा जीन सिमन्स सांगत होता की रॅपवाल्यांची इथे जागा नाही. २०१६ मध्ये एनडब्ल्यूए या रॅप गटाचा सन्मान झाला तेव्हा त्यातल्या आइस क्यूबने मंचावरूनच त्याला उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा की रॉक अँड रोल म्हणजे एखादं वाद्य किंवा शैली नव्हे, ती एक वृत्ती आहे आणि ब्लूजपासून रॅपपर्यंत सगळीकडे वाहत आली आहे. टाळ्या प्रचंड पडल्या. मी बाजू आइस क्यूबची घेते, युक्तिवाद मात्र घेत नाही. वृत्तीवर दार उघडायचं तर कुणाला अडवणार? बंडखोर वृत्ती तर तुकोबांचीही होती. हिप-हॉपसाठी इतक्या सैल कारणाची गरजच नाही, कारण पक्कं कारण रेकॉर्डवर आहे.

१९७९ मध्ये शीक या न्यूयॉर्कच्या डिस्को बँडने ‘गुड टाइम्स’ काढलं. त्यातला बर्नार्ड एडवर्ड्सचा बास ऐका: तीन ठोस ठोके एकाच सुरावर, मग थोडी उसंत, मग वर चढत जाणारी वळणदार ओळ. नाइल रॉजर्सची गिटार त्यावर नुसती खरवडल्यासारखी चालू. त्याच वर्षी शुगरहिल गँगने याच बासवर शब्द टाकून पहिलं मोठं गाजलेलं रॅप गाणं केलं. रॉजर्स आणि एडवर्ड्सना त्याचं श्रेय भांडून मिळवावं लागलं. पुढच्या वर्षी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आलं, बास जॉन डीकनचा. दोन्ही पाठोपाठ लावा, सांगायला कुणी जाणकार लागत नाही. आणि १९८१ मध्ये ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर फ्लॅशने टर्नटेबलवर एक रेकॉर्ड घडवली, तिच्यात शीक, क्वीन आणि ब्लाँडी या तिघांच्या तबकड्या एकातून एक काढल्या. डिस्को, रॉक, न्यू वेव्ह. फ्लॅशला त्यांच्यामध्ये भिंत दिसलीच नाही, त्याला ताल दिसत होता. क्वीन हॉलमध्ये २००१ मध्ये आले, ब्लाँडी २००६, फ्लॅश आणि त्याचा फ्युरियस फाइव्ह २००७. हिप-हॉपमधले तेच पहिले. शीकला अकरा वेळा नामांकन मिळालं आणि अकराही वेळा मतं कमी पडली. शेवटी २०१७ मध्ये एकट्या नाइल रॉजर्सला ‘म्युझिकल एक्सलन्स’ या सदरात घेतलं. बर्नार्ड एडवर्ड्स १९९६ मध्येच वारला होता. ज्या बासवर हे सगळं उभं राहिलं त्या बासवाल्याचं नाव बँडचा सदस्य म्हणून काही लागलं नाही.

(क्वीनवरून आठवलं म्हणून: फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. त्यामुळे क्लीव्हलँडच्या यादीत सातारा जिल्ह्याचाही थोडा वाटा आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. हसतात.)

एकदा हिप-हॉप हा रॉकच्या नात्यातला म्हणून मान्य केला की पुढे त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा नातं सिद्ध करायला लावणं अन्याय होईल. म्हणून जे-झीचा २०२१ चा किंवा मिसी एलियटचा २०२३ चा सन्मान मला खटकत नाही. प्रकाराचं नातं एकदा तपासायचं, मग आतल्यांची निवड गुणांवर.

अ‍ॅबाबद्दल लोक नाक मुरडतात, त्यांच्यासाठी एक तपशील. त्यांचा ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरच्या दणदणीत ध्वनीच्या मागे लागला होता. स्पेक्टर एका खोलीत ढीगभर वादक बसवायचा. स्टॉकहोममध्ये तेवढे वादक परवडणार कुणाला? ट्रेटोने मोजक्याच वादकांकडून तेच पुन्हा वाजवून घेतलं आणि दुसऱ्या खेपेला टेपचा वेग किंचित बदलला. स्वर केसभर सरकला आणि दोघांचे दहा वाटायला लागले. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन रॉक-पॉपचं तंत्र असं स्वीडनमध्ये उतरलं. २०१० मध्ये त्यांना घेतलं, ठीक केलं. जॅझचा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचंही तसंच: १९७० मध्ये हा माणूस विजेची वाद्यं घेऊन फिलमोर या रॉकच्या सभागृहातल्या श्रोत्यांपुढे उभा राहिला, आणि त्या काळातल्या त्याच्या रेकॉर्डी ऐकल्यावर जॅझ-रॉक या जोडशब्दाला आधार लागत नाही.

आणि डॉली पार्टन. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचं नामांकन जाहीर झालं. मार्चमध्ये तिने जाहीर पत्र काढून नाव मागे घेण्याची विनंती केली: आपण तो हक्क कमावलाय असं वाटत नाही, आपल्यामुळे इतरांची मतं फुटू नयेत, कधी रॉकची एलपी केलीच तर तेव्हा विचार करा. हॉलने सांगितलं की मतपत्रिका गेल्या आहेत, आणि रॉक अँड रोलची मुळं कंट्रीतही आहेत. पुढे तिने आढेवेढे सोडले, नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला सन्मान घेतला, आणि तीस गाण्यांचा रॉक अल्बम काढला तो २०२३ मध्ये. वरातीमागून घोडं.

माझ्या मते तिचं पहिलं पत्रच बरोबर होतं. ती थोर गीतकार आहे, यात वाद नाही. नॅशव्हिलने तिला १९९९ मध्ये घेतलं, साँगरायटर्स हॉल ऑफ फेमने २००१ मध्ये, दोन्ही ठिकाणी ती शोभते. पण तिच्या रेकॉर्डीतून रॉकमध्ये काय उतरलं हे दाखवायला मला सांगितलं तर मी चाचपडेन. टेनेसीच्या डोंगरातली कथागीतं, चर्चमधलं गाणं, कार्टर कुटुंबाची परंपरा. ही धारा रॉककडे गेली ती एव्हर्ली बंधूंच्या दुहेरी गळ्यातून आणि कॅशमधून, दोघंही आधीच आत होते. हॉलचं उत्तर ‘मुळं कंट्रीत आहेत’ हे प्रकाराबद्दल खरं आहे, व्यक्तीबद्दल अपुरं आहे. मुळं कंट्रीत आहेत म्हणून कंट्रीतला प्रत्येक जण रॉकचा होत नाही. रॉजर्सला पुरावा होता. हँक विल्यम्सला होता. डॉलीला लोकांचं प्रेम होतं, आणि ते खरंच अफाट आहे; २०१२ पासून चाहत्यांच्या मतांचीही एक मतपत्रिका धरली जाते, तिच्यात ती पहिल्या पाचांत होती.

इथे पद्धत समजून घ्यायला हवी. एक छोटी समिती नामांकनं ठरवते. मग कलावंत, इतिहासकार, व्यवसायातले लोक असे हजारावर मतदार मतं देतात. मात्र ‘इन्फ्लुअन्स’ आणि ‘म्युझिकल एक्सलन्स’ या सदरांतली नावं त्या मतदारांपुढे जातच नाहीत, ती समितीतच ठरतात. मुळात पहिलं सदर रॉकच्या आधीच्या पिढीसाठी होतं आणि दुसरं साथीदारांसाठी. हळूहळू त्यांचं मागचं दार झालं. क्राफ्टवेर्क या ड्युसेलडॉर्फच्या इलेक्ट्रॉनिक मंडळींना मतदारांनी वारंवार नाकारलं, तर २०२१ मध्ये त्यांना ‘अर्ली इन्फ्लुअन्स’ म्हणून घेतलं. १९७० मध्ये स्थापन झालेला बँड ‘अर्ली’! त्यांचा प्रभाव खराच आहे. हिप-हॉपवाल्या आफ्रिका बंबाटाच्या १९८२ च्या गाण्यात त्यांची चाल आणि त्यांचा ताल सरळसरळ आहेत. मग पुढच्या दाराने घ्यायला काय झालं होतं? जूडस प्रीस्ट या हेवी मेटल बँडलाही २०२२ मध्ये असंच बाजूच्या दाराने आणलं. मेटलवाल्यांचा राग मला समजतो तो इथे. दरवर्षी मतदानातून कलावंत निवडले जातात पाच-सात, त्यामुळे डॉलीने कुणाची तरी खुर्ची घेतली, हा आक्षेप हवेतला नाही. २०२३ मध्ये सोहळा डिस्ने प्लसवर थेट दाखवायला सुरुवात झाली. पडद्यावर कोण हवं याचा विचार समितीच्या खोलीत होत नसेल, असं मानण्याएवढी मी भोळी नाही.

पण याहून जास्त मला लागतं ते सिस्टर रोझेटा थार्पचं. चर्चमध्ये गाणारी बाई, हातात इलेक्ट्रिक गिटार, आणि तीही अशी वाजवणारी की चक बेरीची सुरावट ऐकताना कान मागे तिच्याकडे वळतात. १९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकनला तिने एका पोरसवदा मुलाला मंचावर गायला बोलावलं, तो लिटल रिचर्ड. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला, त्याची फीत उपलब्ध आहे: श्रोते एका फलाटावर, ती समोरच्या, पावसाने ओलं झालेलं सगळं, अंगात जाडजूड कोट, गळ्यात पांढरी गिटार. आणि मध्येच एका सोलोमध्ये उजवा हात हवेत फिरवून ती परत तारेवर आणते, चुकत नाही. ती गेली १९७३ मध्ये. लिटल रिचर्ड, चक बेरी पहिल्याच वर्षी आत आले आणि तिला बोलावणं आलं २०१८ मध्ये. गॉस्पेलवाली म्हणून ती ‘दुसऱ्या प्रकारातली’ होती ना!

त्यामुळे परके घ्या की घेऊ नका, या प्रश्नापेक्षा मी समितीकडे एक साधी मागणी करीन: प्रत्येक निवडीसोबत पानभर लेखी कारण जाहीर करा, त्यात किमान दोन-तीन रेकॉर्डींचा नावानिशी उल्लेख असू द्या. गौरवपर भाषणं नकोत, ती सोहळ्यात होतातच. पानभर कारण लिहायला बसलं की खरं नातं असेल तर कागद अपुरा पडतो, नसेल तर दुसऱ्या परिच्छेदातच विशेषणं सुरू होतात. आमच्या सूचीत आम्ही हेच करतो. ‘प्रकार’ रकान्यात वाद असेल तर शेऱ्यात कारण लिहायचं, सही करायची.

या कसोटीवर मी स्वतः एक नाव सुचवीन, २०२५ पर्यंतच्या यादीत ते नाही: पंडित रविशंकर. कारण भारतीय म्हणून अजिबात नाही. द बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडच्या १९६६ च्या ‘एट माइल्स हाय’मधली गिटार रविशंकर आणि जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या ध्यासातून आली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईला येऊन ताजमध्ये उतरला आणि त्यांच्याकडे सतार शिकत बसला. जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईतल्याच एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतलेला तुकडा दोन महिन्यांत बीटल्सच्या एका तबकडीची दुसरी बाजू म्हणून जगभर गेला. मॉन्टेरी आणि वुडस्टॉकचे रॉक महोत्सव, आणि १ ऑगस्ट १९७१ चा बांगलादेशासाठीचा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम. रॉकमधल्या मोठ्या मदत-मैफलींचा पायंडा तिथून पडला, आणि तो करायला हॅरिसनला गळ घातली ती रविशंकरांनी. खुद्द पंडितजींना रॉकवाल्यांचं गांजा ओढत सतार ऐकणं पसंत नव्हतं आणि ते तसं स्पष्ट बोलत. ते असते तर डॉलीसारखंच एखादं पत्र त्यांनीही पाठवलं असतं, कदाचित जास्त कडक शब्दांत. पण पानभर कारण लिहायला मला अडचण येणार नाही.